मनाच्या आजाराची गोळी दुसऱ्या मोहल्ल्यातूनच का घ्यावी लागते? (नागपूर)

औषधवाली

नमस्कार मंडळी. नंदनवनच्या बाजूला माझं औषधांचं दुकान आहे. शिक्षण झाल्यापासून त्याच काउंटरमागे उभी आहे. त्यामुळे कोण काय विकत घेतं यापेक्षा कसं घेतं, ते मला जास्त दिसतं. त्यावरच हा धागा काढते आहे.

शुगरची गोळी घेणारा माणूस गाडीवरूनच हाक मारतो, "काकू, माझं मेटफॉर्मिन काढून ठेवा, चक्कीवरून येतो." तोच माणूस एस्सिटालोप्राम, म्हणजे उदासपणावरची गोळी, घ्यायला आला की आधी दुकानात कोण उभं आहे ते पाहतो. ओळखीचं कोणी दिसलं तर क्रोसिनची पट्टी घेऊन निघून जातो आणि अर्ध्या तासाने परत येतो. चिठ्ठीला इतक्या घड्या घातलेल्या असतात की उलगडताना ती घडीवर फाटते. यातले बहुतेक आमच्या मोहल्ल्याचे नसतातच. मनीषनगर, जरीपटका, पार हिंगण्याहून येतात. आणि आमच्याकडचे लोक ह्याच गोळ्या घ्यायला बर्डीला जातात.

एक मागणी नेहमीची. "गोळ्या पट्टीतून काढून पुडीत बांधून द्या ना." म्हणजे घरी कोणाला नाव वाचता येऊ नये. मी देत नाही. पट्टी गेली की नाव गेलं, एक्सपायरी गेली, आणि रात्रीबेरात्री त्या माणसाला दवाखान्यात न्यावं लागलं तर तो काय घेतो हे डॉक्टरला सांगणारं काहीच उरत नाही. झोपेच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, एच-वन यादीत, म्हणजे सरकारने कडक नियम लावलेल्या औषधांत येतात. त्यांच्यासाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या, सगळं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. नाव लिहावं लागेल म्हटलं की काही जण चिठ्ठी उचलून चालू लागतात.

इथेच माझा जीव तुटतो. उदासपणावरची औषधं पहिल्या दिवसापासून गुण देत नाहीत. दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. मळमळ, डोकं जड होणं, झोप बिघडणं हे मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतं. घरात माहीत असेल तर कोणीतरी म्हणतं, "थांब थोडं, डॉक्टरला फोन करू." जो लपवून घेतो त्याला असं म्हणणारं कोणीच नसतं. तो दहाव्या दिवशी गोळी बंद करतो आणि वर समजून बसतो की आपल्यावर औषधसुद्धा चालत नाही. लाज माणसाला नुसतं गप्प बसवत नाही, त्याचा उपचार अर्ध्यात तोडते.

आमच्या गल्लीतला एक तरुण पोरगा नुकताच गेला. घरच्यांनी अटॅक सांगितलं. घाटावर सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळे अटॅकवरच बोलत होते. तेरवी झाली आणि त्या घराकडे जाणं-येणं थांबलं. त्याची आई माझ्याकडे बीपीची गोळी घ्यायला येते. पैसे देऊन झाले तरी हलत नाही. एकदा मी तिला स्टूल दिला आणि त्याचं नाव घेऊन विचारलं, "त्याला जेवणात काय आवडायचं हो?" ती बाई पाऊण तास बोलली. मुलाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकून किती दिवस झाले होते, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातल्या, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. ज्या घरांनी अटॅक सांगितलं आणि निभावून नेलं, ती ह्या आकड्यात नाहीतच.

तर मंडळी, तुमच्या घरात, ऑफिसात, गावात हे गप्प बसणं कशाने मोडलं ते लिहा. एकच विनंती. कोणी कसं आणि कुठे जीव दिला हे कृपा करून लिहू नका. वाचणाऱ्यांत कोण कुठल्या अवस्थेत असेल सांगता येत नाही. आणि आत्ता हे वाचताना कोणाला स्वतःलाच तसं वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस, सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

पांढरीमाती

काकू, स्टूल दिला ते लय चांगलं केलं.

आमचं गाव काटोलकडे. बाबा गेले तेव्हा मी बारावीला होते. शेतकऱ्याच्या घरी असं झालं ना, की दुःखाची पयले फाइल होते. तलाठी आले, पंचनामा झाला, मग चौकशी. सातबारा कोणाच्या नावाने, कर्ज बँकेचं का सावकाराचं, दारू पीत होते का. एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण 'पात्र' का 'अपात्र' ते ठरायचं होतं. आई ओसरीत बसून सारी उत्तरं देत होती. गावातले लोक यायचे तेही कर्जाचाच हिशोब करायला. "एवढ्याशासाठी?" असं एक जण तिच्या तोंडावर बोलून गेला. आई झोपते का, जेवते का, हे कोणीच विचारलं नाही.

विचारलं ते आशाताईने. आरोग्याच्या सर्वेक्षणाचा कागद घेऊन आली होती. भूक लागते का, झोप येते का, असे प्रश्न. मग तिने कागद बाजूला ठेवून सरळ विचारलं, "वहिनी, जगून काही फायदा नाही असं मनात येते का?" आई लगेच हो म्हणाली. जसं कोणी कधी विचारते याचीच वाट पाहून राहिली होती. मी दारात उभी होते, माझे हातपाय गार पडले. आशाताई घाबरली नाही, रागावली नाही, "पोरांकडे पाहा" असंही म्हणाली नाही. म्हणाली, "बरं झालं सांगितलं. मंगळवारी माझ्यासंग चला." तीच घेऊन गेली. आई आज आहे. शेती बटईने दिली आहे, भजनी मंडळात जाते.

सदरवाला

धागा चांगला आहे, पण माझं एक म्हणणं स्पष्ट मांडतो. सगळं मनाच्या आजारावर ढकलू नका. ज्या अहवालाचा आकडा वर दिला त्यातच कारणंही दिली आहेत. २०२२ मध्ये कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के. आणि मरणाऱ्यांत चौथ्या हिश्श्याहून जास्त रोजमजुरी करणारे. माझा एक मित्र बुटीबोरीत ठेक्यावर होता. तीन महिने पगार नाही, वर फायनान्सवाले दारात. त्याला गोळी देऊन काय होणार होतं? लोकांना समुपदेशन पाहिजे की पगार? पांढरीमाती ताईंच्या बाबांना कापसाचा भाव मिळाला असता तर?

मनाचा आजार म्हटलं की व्यवस्था सुटते. हे मला पटत नाही.

निवासी_डॉक्टर

नागपुरातल्याच एका सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात काम करतो. ड्यूटी संपवून लिहितोय, थोडं लांबेल.

सदरवाला, तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही 'की' घातलाय तिथे मी 'आणि' घालीन. कर्ज हजारांना असतं. त्या हजारांतला कोणी एक खचतो तेव्हा त्याची विचार करायची ताकद आक्रसलेली असते. त्याला दिसणारे रस्ते एकेक करून बंद होत जातात आणि एकच उरतो. त्या अवस्थेत त्याला पगारही पाहिजे आणि कोणीतरी जवळ बसलेलंही पाहिजे. आणि ही अवस्था कायमची नसते, हे सगळ्यात महत्त्वाचं. मरावं आणि जगावं अशी दोन्ही ओढ एकाच वेळी असते. बहुतेकांच्या बाबतीत तो कडेलोटाचा काळ काही तासांचा, कधी काही मिनिटांचाच असतो. तो टळला की माणूस जगतो. वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने जात नाहीत.

म्हणून शेतीवाल्या घरांना मी हात जोडून सांगतो, फवारणीचं औषध घरात हाताशी ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. श्रीलंकेने सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. त्या काळात तिथे गरिबी होती, यादवी युद्धही चालू होतं. सदरवाला, व्यवस्थेने काय करावं याचं हे माझ्या माहितीतलं सगळ्यात ठोस उत्तर आहे.

पांढरीमाती, तुमच्या आशाताईंनी जे केलं ते आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. सरळ विचारा. "जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसतो, ही सगळ्यात पक्की आणि सगळ्यात घातक समजूत आहे. उलट विचारल्याने माणूस हलका होतो. आडून विचारलं, "तसलं काही डोक्यात नाही ना रे?" तर तो "नाही" म्हणणार, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय हे त्याला कळतं.

आपल्या विदर्भातलंच एक काम सांगतो. विश्राम नावाचा प्रकल्प होता. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावचेच लोक प्रशिक्षण घेऊन घरोघरी बोलायला जात. सुरुवातीला उदासपणाचा आजार असलेल्यांपैकी उपचार घेणारे ४.३ टक्के होते, दीड वर्षाने केलेल्या पाहणीत ते २७.२ टक्के झाले. गावोगावी मनोविकारतज्ज्ञ नेऊन बसवला नव्हता. ओळखीची बाई ओट्यावर बसून ह्या विषयावर मोकळं बोलू लागली, एवढ्याने लोक दवाखान्यापर्यंत आले.

रेल्वेलाइन

डॉक्टर, एक विचारायचं होतं. माझ्या चुलतभावाला वेळेवर पाहिलं म्हणून तो वाचला. आम्ही त्याला जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, तर दारातच "पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही" म्हणाले. दुसरीकडे नेईपर्यंत आमचं काय झालं असेल ते आम्हालाच माहीत. नंतर घरी सगळे एकच म्हणत होते, कोणाला सांगू नका, गुन्हा दाखल होईल, पोराची नोकरी जाईल. खरंच गुन्हा होतो का?

निवासी_डॉक्टर

नाही. हे जितक्या लोकांपर्यंत जाईल तितकं बरं, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३०९ होतं. आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत कैद. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं, पुनर्वसन करणं हे सरकारचं काम. मग १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात कलम ३०९ घेतलेलंच नाही. सरकारी माणसावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर त्याच्यासाठी कलम २२६ आहे, तो वेगळा भाग. घरात खचलेल्या माणसाला ते लागू होत नाही.

रुग्णालय पोलिसांना कळवतं, ती नोंद होते, हे खरं. पण नोंद म्हणजे गुन्हा नाही. आणि त्या नोंदीसाठी उपचार थांबवता येत नाहीत. जीव धोक्यात असेल तर आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात बजावलंय. तुम्हाला दारातून परत पाठवलं ते चूकच होतं.

मास्तरीण

कायदा बदलला डॉक्टर, पण स्थळं पाहायची पद्धत कुठे बदलली?

मी अकरावी-बारावीला शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वह्या पाहून मी त्याच्या वडिलांना बोलावलं. हुशार मुलगा, पण दोन महिन्यांपासून अक्षर ओळीच्या खाली घसरत चाललेलं. डब्यातली पोळी तशीच घरी न्यायचा. 'नीट'चे, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचे क्लासेस सकाळी सहापासून. वडील भले गृहस्थ, ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, घरात याच्या दोन बहिणी लग्नाच्या आहेत." बस. त्यांना मुलाची काळजी नव्हती असं मी म्हणणार नाही, त्यांचे डोळे भरले होते. पण मुलाला डॉक्टरकडे नेलं तर बातमी फुटेल आणि मुलींची स्थळं परत जातील, हे गणित त्यांच्या डोक्यात आधी झालं.

मला वाटतं लाजेचं मूळ इथे आहे. 'त्यांच्या घरात आहे' हे तीन शब्द. एकाला आजार झाला की अख्ख्या घराण्यावर शिक्का. मग घर मिळून लपवतं, आणि ज्याला आजार आहे त्याला वाटतं, आपणच सगळ्यांच्या गळ्यातली धोंड. कोणाला ओझं होऊन जगण्यापेक्षा, हा विचार तिथूनच येतो. औषधवाली काकू, दुसऱ्या मोहल्ल्यातून गोळी घेणाऱ्यांत मुलींचे बाप किती असतील हो.

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थी असे गेले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शाळा, कॉलेज, कोचिंग सगळ्यांना निर्देश दिलेत, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक पाहिजे म्हणून. पालकांनी ॲडमिशनच्या वेळी फी विचारतो तसं हेही विचारावं. कोण आहेत, कधी बसतात, खोली कुठे आहे. आमच्याकडे ती खोली आधी मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून होती, कोणी पाय ठेवत नव्हतं. लायब्ररीच्या मागे हलवली, आता मुलं जातात.

तो मुलगा गेला डॉक्टरकडे, हेही सांगून टाकते. मोठ्या बहिणीनेच नेलं. "माझं लग्न राहिलं तरी चालेल" म्हणाली वडिलांना.

चौथामजला

मिहानमध्ये नोकरी करतो. दोन वर्षांपासून उपचार घेतो आहे. इथे नाव नाही, म्हणून लिहू शकतोय, आणि हेच ह्या धाग्याचं दुखणं आहे.

मला काय लागलं ते सांगतो. "तुला काय कमी आहे?" हे वाक्य. फ्लॅट आहे, पगार आहे, बायको चांगली आहे. हे मला माहीत होतंच, आणि म्हणूनच आणखी अपराधी वाटायचं. सकाळी ब्रश तोंडात धरून बेसिनसमोर वीस वीस मिनिटं उभा असायचो, हात हलायचा नाही. याला आळस म्हणणारेही भेटले, नजर लागली म्हणून मीठ-मोहरी उतरवणारेही. उतरवणाऱ्या मावशीचा राग नाही. तिने निदान जवळ बसून डोक्यावरून हात फिरवला.

काय कामी आलं? मित्र. त्याला सांगितलं तेव्हा त्याने एकही सल्ला दिला नाही. "उद्या सकाळी येतो" म्हणाला आणि बाइक घेऊन दारात. ओपीडीच्या बाकावर माझ्या बाजूला तीन तास बसला. कोणी ओळखीचं भेटलं तर तो आधीच मोठ्याने म्हणायचा, "आम्ही डॉक्टरकडे आलोय." मी खाली मान घालून बसलेलो, आणि हा बिनधास्त. तिथून निघाल्यावर तर्री पोहे खाल्ले. बऱ्याच महिन्यांनी तिखट लागलं जिभेला.

माझी आत्याही उपचार घ्यायची, प्रादेशिक मनोरुग्णालयात. ऑटोवाले त्या चौकाला आजही पागलखाना चौक म्हणतात. आत्या एक स्टॉप आधी उतरायची आणि उन्हात चालत जायची, बसमधल्या कोणी तिथे उतरताना पाहू नये म्हणून. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात. डॉक्टर, ती आयुष्यभर घाबरायची की एकदा आत घेतलं की सोडत नाहीत आणि शॉक देतात. याबद्दल लिहा ना.

निवासी_डॉक्टर

ही भीती रोज ऐकतो. बहुतेक रुग्णांना दाखल व्हावंच लागत नाही, ओपीडीत दाखवून घरी जातात. जो प्रौढ माणूस स्वतःच्या मर्जीने दाखल झाला, तो स्वतः डिस्चार्ज मागू शकतो. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावेत हे आधीच लिहून ठेवायचा हक्कही २०१७ च्या कायद्याने दिलाय. भूल न देता शॉक द्यायला त्याच कायद्याने बंदी आहे. भूल देऊन देतात ती उपचारपद्धती काही गंभीर रुग्णांचा जीव वाचवते, पण ती विचारून, समजावून. आणि ज्यांना त्या चौकात उतरायचं नाही त्यांनी मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, यातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात जावं. तिन्हीकडे मनोविकार विभाग आहे. इतर ओपीड्यांसारखीच ती एक ओपीडी.

विम्याचंही लिहून ठेवतो. त्याच कायद्याचं कलम २१ म्हणतं की आरोग्य विम्यात शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही धरायचं. एजंट नाही म्हणाला तर लेखी मागा.

रेल्वेलाइन

कायद्याचं वाचून घरच्या ग्रुपवर टाकलं. चुलतभावाने स्वतः वाचलं आणि अंगठा दिला. इतके दिवस ह्या विषयावर त्याच्यासमोर कोणी तोंड उघडत नव्हतं.

अजनीकडे आमचं गणेश मंडळ आहे. १० सप्टेंबर हा आत्महत्या प्रतिबंध दिन आणि गणपती साधारण आसपासच येतात, म्हणून मी मीटिंगमध्ये १४४१६ चा फलक लावू म्हटलं. मोठा वाद झाला. "बाप्पासमोर असला शब्द कशाला? सणासुदीचं अशुभ." दोन वडीलधारे उठून गेले. मग आमच्या ढोल पथकातली एक मुलगी बोलली की फलकावर तो शब्दच नको, 'मन फार जड झालं असेल तर बोला' एवढं लिहू आणि खाली नंबर. तेवढं मंजूर झालं. मंडपात नाही, चपला काढतात तिथे लावायचा ठरलं. मला आधी वाईट वाटलं. पण तिथे प्रत्येक माणूस खाली वाकतो, थांबतो, आणि शेजारच्याला दिसत नाही की तो काय वाचतोय.

सदरवाला

चपलांपाशी लावला ते उत्तम. सदरला आमच्या युनियन ऑफिसातही लावतो. पण डॉक्टर, पगाराचा प्रश्न मी सोडणार नाही.

निवासी_डॉक्टर

सोडूच नका. युनियनने थकलेल्या पगारासाठी भांडणं हेही माझ्या रुग्णांसाठीच आहे.

वाचकमात्र

मला एक साधं विचारायचं आहे. आमच्या सोसायटीत असं झालं आहे. भेटायला जायचं तर बोलायचं काय? चुकीचं काही बोललं जाईल म्हणून आम्ही जातच नाही.

पांढरीमाती

ताई, आम्हाला लोक काय बोलले ते फारसं आठवत नाही, कोण आलं ते आठवते. "कसं झालं" विचारू नका. "तुम्हाला आधी कळलं नाही का" हे तर चुकूनही नाही, ते त्या घरातला प्रत्येक जण रोज रात्री स्वतःला विचारत असते. "त्याने तुमचा विचार नाही केला" हेही नको, गेलेल्या माणसाला घरच्यांसमोर दोषी ठरवू नये. नाव घ्या. एखादी आठवण असली तर सांगा. काहीच सुचलं नाही तर डबा घेऊन जा आणि बसा. तेरवीच्या आधी सगळेच येतात. तुम्ही तेरवीनंतर जा, महिन्याने जा, पोळ्याला जा, दिवाळीला जा. आमच्या शेजारची काकू पहिल्या दिवाळीत काही न बोलता आईजवळ बसून वाती वळत राहिली होती.

आणि त्या घरातल्या पोरांकडे ध्यान ठेवा. मोठ्यांच्या रडण्यात पोरं मागे पडतात.

नाव_नको

हा धागा कालपासून वाचतो आहे. माझा मोठा भाऊ. चाळिशीचा. महाल भागात आमचं छोटं दुकान आहे, मागच्या वर्षी फार बसलं. तो रात्री झोपत नाही. बोलणं कमी. परवा त्याने त्याचं घड्याळ माझ्या मुलाला देऊन टाकलं, आणि काल मला दुकानाची सगळी येणी-देणी नीट वहीत लिहून दिली. म्हणाला, "तुला माहीत असावं." वहिनी म्हणते टेन्शन आहे, उतरेल. मला भीती वाटते. त्याला विचारायची हिंमत होत नाही. मी लहान आहे, त्याला कधी उलट बोललो नाही.

निवासी_डॉक्टर

थांबू नका, आजच विचारा. वस्तू देऊन टाकणं आणि हिशोब नीट लावून सोपवणं, ही दोन्ही लक्षणं मी गंभीर धरतो. उलट बोलायचं नाहीये, जवळ बसायचं आहे. एकटे असताना म्हणा, "दादा, तू घड्याळ दिलंस, वही दिलीस, मला भीती वाटली. तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" शब्द गिळू नका. हो म्हणाला तर समजावत बसू नका, वाद घालू नका, शपथा घालू नका. "सांगितलंस ते बरं झालं, मी आहे" म्हणा. आज रात्री त्याला एकटं ठेवू नका. घरातली जास्तीची औषधं, दुकानात काही जहाल असेल तर ते, तुमच्या ताब्यात घ्या. १४४१६ वर तुम्हीसुद्धा बोलू शकता, घरच्यांसाठीही ती सेवा आहे. तो फारच अस्वस्थ झाला तर सकाळची वाट पाहू नका, मेडिकल किंवा मेयोच्या कॅज्युअल्टीत घेऊन या.

औषधवाली

दादा, तुम्ही लहान आहात म्हणूनच तुमचं ऐकेल. आणि वहिनीला सोबत घ्या. लपवू नका तिच्यापासून. रात्री तिलाच जागायचं आहे.

नाव_नको

विचारलं.

आधी काही बोलला नाही. मग हो म्हणाला. बरेच दिवसांपासून, असं म्हणाला. मी रडलो, तोच मला पाणी देत होता. वहिनीला सांगितलं. आम्ही तिघं हॉलमध्येच गाद्या टाकल्या आहेत. १४४१६ वर मीच आधी बोललो, मग तोही बोलला थोडा वेळ. उद्या सकाळी ओपीडीला नेतो. त्याची एकच अट आहे, आईला आत्ताच सांगायचं नाही. ती सत्तरीची आहे. डॉक्टर, हे बरोबर आहे का? आणि सोबत काय काय घ्यायचं?

निवासी_डॉक्टर

फार चांगलं केलंत, तिघांनीही.

आईचं त्याच्यावर सोडा. कोणाला कधी सांगायचं हे त्याने ठरवायचं, पण जी दोन माणसं रात्री सोबत आहेत त्यांना सगळं माहीत असू द्या. आधार कार्ड घ्या, थायरॉइड, बीपी, शुगर असं काही चालू असेल तर त्या गोळ्या आणि जुने रिपोर्ट. नोंदणीला लवकर या, गर्दी असते. आत जाताना तो म्हणाला की एकट्याला बोलायचं आहे, तर तुम्ही बाहेर थांबा. डॉक्टरला घड्याळाचं आणि वहीचं नक्की सांगा, त्याने सांगितलं नाही तर तुम्ही सांगा. पुढची तारीख घेतल्याशिवाय निघू नका.

चौथामजला

मेडिकलला येत असाल तर मी उद्या सुट्टी टाकतो. बाकावर बसायला एक माणूस जास्त असलेला बरा. इथेच निरोप पाठवा.

नाव_नको

मेडिकललाच येतोय, आठ वाजता. निरोप पाठवला आहे.